३२ म्हणजे कोणता जिल्हा?

समुद्रपुरात कुणालाही विचारा, गाडीच्या पाटीवरचं ३२ म्हणजे वर्धा जिल्हा. पण हे खरं आहे ते आधी 'एमएच' असेल तरच. 'केए ३२' म्हणजे कर्नाटकातलं कलबुर्गी. आकडा तोच, जिल्हा वेगळा.

लिनक्समधल्या सिस्टिम कॉलचंही असंच आहे. फाईल वाचायची, स्क्रीनवर काही लिहायचं, तर प्रोग्रामला कर्नेलकडे मागणी करावी लागते. आपण त्या मागण्यांना 'रीड', 'राइट' अशी नावं दिलीत. कर्नेलच्या हातात मात्र फक्त आकडा पडतो. ६४ बिट इंटेल किंवा एएमडी लॅपटॉपवर राइटचा आकडा १. जुन्या ३२ बिट इंटेलवर तो ४, आणि तिथे १ म्हणजे एक्झिट, खेळ खलास. हल्लीच्या ६४ बिट आर्म फोनवर राइट ६४ आहे, आणि १ भलत्याच कामाचा: 'आयओ डिस्ट्रॉय'.

माझ्या मामेभावाकडे लॅपटॉप नाही. तो फोनवरच, टर्मक्समध्ये, सी शिकतो. एका धड्यातला प्रोग्राम त्याने जसाच्या तसा उतरवला. त्यात थेट १ लिहिलेला होता. कंपाईल झाला, एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि स्क्रीनवर एक अक्षरही नाही. रात्री त्याचा मेसेज: "दादा, माझंच काही चुकून राहिलं का?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. कंपाईलरसाठी १ हा फक्त एक पूर्णांक आहे. तो कशाला तक्रार करेल? आकड्याच्या जागी हेडर फाईलमधलं 'एसवायएस राइट' हे नाव टाकलं, की त्या मशीनचा योग्य आकडा आपोआप बसतो. त्याने तेवढं बदललं आणि अक्षरं उमटली.

उलटा प्रवास जास्त अवघड. कंपाईल होताना नाव पुसलं जातं. लॉगमध्ये नुसतं ५९ दिसलं, तर ते कुठल्या मशीनचं हे कळल्याशिवाय अर्थ लागत नाही; ६४ बिट इंटेलवर ते 'एक्झेकव्हीई', म्हणजे नवा प्रोग्राम सुरू करणं. आकड्यावरून नाव सांगणारं फंक्शन सी लायब्ररीत तयार मिळत नाही. 'लिबसेककॉम्प'मध्ये मिळतं, आणि ते आकड्यासोबत आर्किटेक्चरही मागतं.

ही नुसती काटेकोरपणाची हौस नाही. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपवर सेककॉम्पचा पहारा आहे: कुठले कॉल चालतील, कुठले नाहीत. हा पहारेकरीही आकडेच बघतो. त्याने आधी आर्किटेक्चर तपासलं नाही, तर बंद करायचं दार उघडं राहू शकतं.

२०१९ पासून लिनक्समध्ये नव्या कॉलना जवळजवळ सगळ्या आर्किटेक्चरवर एकच आकडा मिळतो. 'आयओ युरिंग सेटअप' लॅपटॉपवरही ४२५ आणि फोनवरही ४२५. जुने आकडे मात्र बदलणार नाहीत, कारण चालू असलेले प्रोग्राम मोडायचे नाहीत हा लिनक्सचा नियम आहे. म्हणून धडे लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं: आकडा नको, नाव लिहा. वाचणाऱ्याच्या हातात तुमचाच लॅपटॉप असेल असं नाही.