निस्तारित

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत पश्चिम राजस्थानातील मतदान २९ एप्रिल रोजी होते. त्या वेळी मी तिकडच्या एका उपखंडाचा अधिकारी होतो. निवडणूक जवळ आली की सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारांना पूर येतो, हा प्रशासनातला जुना विनोद. त्यात तथ्य आहेच. परंतु तो विनोद अंगवळणी पडलेला अधिकारी प्रत्येक अर्ज संशयानेच वाचू लागतो. मीही तसाच वाचत होतो.

मतदानाला आठ दिवस असताना एक शिक्षक डाव्या कुशीवर हात दाबून, अक्षरशः वाकून माझ्यासमोर उभे राहिले. आपल्याकडे ज्यांना मतदान केंद्राध्यक्ष म्हणतात, इकडे पीठासीन अधिकारी, त्या कामावर त्यांची नेमणूक झाली होती. सोबत सोनोग्राफीचा अहवाल होता : सहा मिलिमीटरचा मुतखडा मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी अडकलेला, मूत्रपिंडास सूज. मी त्यांना दुसऱ्या दिवशीच्या वैद्यकीय मंडळाकडे धाडले.

दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ ताठ उभे होते. “हुकुम, रात को एकदम आराम आ गया. लगता है, निकल गई.” अर्ज मागे घेताना ते किंचित ओशाळलेही होते. मंडळानेही वेदना नाहीत, कामास योग्य, असे लिहिले. मी अर्जावर ‘निस्तारित’ असा शेरा मारला. मराठीत आपण ‘निकाली’ म्हणतो, तो हा शब्द.

तीन दिवसांनी प्रशिक्षणवर्गात त्यांना हुडहुडी भरून ताप आला. पोटाची डावी बाजू हात लावू देईना. तातडीने जोधपूरला हलवले. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेथे पोहोचलो, तेव्हा तेथील मूत्ररोगतज्ज्ञांनी सी. टी. स्कॅनची चित्रे उजेडाकडे धरून मला समजावून सांगितले.

मूत्रवाहिनी बंद झाली तरी मूत्रपिंडाचे काम थांबत नाही. मूत्र तयार होत राहते, मागे तुंबते आणि आतला दाब वाढतो. मूत्रपिंडात मूत्र गोळा करणारे लहान चषकांसारखे कप्पे असतात. त्यांची कड नाजूक असते. दाब असह्य झाला की ती कड फाटते आणि मूत्र बाहेर, मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीत झिरपते. शिरेतून दिलेले रंगद्रव्य चित्रात मूत्रपिंडाबाहेर पसरलेले स्पष्ट दिसत होते. संपूर्ण मूत्रपिंडच चिरणे फार विरळा, पण कड फाटण्याचा हा प्रकार अगदी लहान खड्यानेही होऊ शकतो.

मी विचारले, “पण त्यांची कळ तर थांबली होती?”

“थांबणारच. फाटले म्हणूनच थांबली. दाब उतरला ना!”

खडा जागच्या जागी होता. पुष्कळदा असे झिरपलेले मूत्र शरीर आपसूक शोषून घेते. येथे मात्र त्यात जंतुसंसर्ग झाला होता, आणि अडथळ्यामागे संसर्ग म्हणजे तासांचा हिशेब. प्रतिजैविके सुरू करून त्याच रात्री मूत्रवाहिनीत खड्याच्या बाजूने दोन्ही टोकांना वळण असलेली बारीक नळी, स्टेंट, बसवून वाट मोकळी केली होती. खडा काही आठवड्यांनी दुर्बिणीने, लेसरने फोडून काढण्यात आला. मूत्रपिंड वाचले.

खडा पडला असे मानायचे तर तो गाळलेल्या लघवीत सापडला पाहिजे, नाहीतर पुन्हा तपासणीत नाहीसा दिसला पाहिजे, एवढी साधी गोष्ट मंडळातील कोणी विचारली नाही, मीही नाही. तक्रारदाराचा आवाज बंद झाला, म्हणून प्रकरण मिटले, हे मी किती अर्जांवर गृहीत धरले असेल, याचा हिशेब मात्र मी जोधपूरहून परततानाच्या रस्त्यावर करू लागलो आणि अर्ध्यात सोडून दिला.

शिक्षक माझ्यावर रागावले नाहीत. रुग्णालयातही, उठता येत नसताना, ते माझी क्षमा मागत होते, कारण ऐन वेळी त्यांच्या जागी दुसरा माणूस शोधावा लागला होता. यावर काय बोलावे ते मला सुचले नाही.

२५ नोव्हेंबर २०२३ रोजी राजस्थान विधानसभेचे मतदान झाले तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो. मुतखड्याच्या अर्जांसाठी मी एक ओळ वाढवली : वेदना थांबल्या असल्यास सोनोग्राफी पुन्हा करून अहवाल जोडावा. लिपिकाने विचारले, “साब, दर्द नहीं है तो जाँच किसलिए?” मी त्याला समोरच्या खुर्चीवर बसवले आणि चषकाच्या कडेचे चित्र काढून दाखवले.