पाच बाइट की सात

इंटेलच्या घराण्यातला आजचा कुठलाही पीसी घ्या. चौसष्ट बिटांचा, आठ कोअरांचा, कितीही मिजाशीचा असो. बटण दाबल्यावर पहिल्या क्षणी तो १९७८ सालातच असतो. रीसेट झालेला प्रोसेसर रिअल मोडमध्ये, म्हणजे इंटेलच्या ८०८६ च्या चालीने उठतो. २०२३ मध्ये इंटेलने ही चाल मोडीत काढायचा प्रस्ताव मांडला होता, २०२४ संपता संपता तो बाजूला ठेवला. मला उगाचच बरं वाटलं.

तो क्षण बघायचा नाद मला आहे. क्यूईएमयू हा एम्युलेटर दोन एस देऊन सुरू करायचा: मोठा एस प्रोसेसरला पहिल्या आज्ञेआधीच अडवतो, लहान एस जीडीबी या डीबगरसाठी १२३४ क्रमांकाचं पोर्ट उघडतो. स्क्रीनवर काही नाही. रजिस्टरं बहुतेक शून्य. ईडीएक्समध्ये तेवढा प्रोसेसरच्या जातीचा आकडा. मशीन आहे, पण त्याला अजून काहीच झालेलं नाही. इथे मी रेंगाळतो.

जीडीबी रिचर्ड स्टॉलमनने १९८६ मध्ये लिहिला, युनिक्सच्या जगात. त्याच्या लेखी मेमरी सलग. ८०८६ मध्ये मात्र सोळा बिटांच्या रजिस्टरात वीस बिटांचा पत्ता मावत नाही, म्हणून सेगमेंटला सोळाने गुणून त्यात ऑफसेट मिळवायचा. एफ००० आणि एफएफएफ० मिळून एफएफएफएफ०. जीडीबी सेगमेंटकडे ढुंकूनही बघत नाही, गुणाकार आपणच लिहून द्यायचा. डॉसमधला डीबग याबाबतीत घरचाच होता. कॉलेजात जर्नलं पुरी करायच्या घाईत त्याचं कौतुक करायचं राहून गेलं.

त्या पत्त्यावर बाइट असतात: ईए ५बी ई० ०० एफ० ३० ३६ २एफ. ईए म्हणजे लांब उडी. जीडीबीला काही न सांगता वाचायला लावलं, तर तो बिनदिक्कत सांगतो: सेगमेंट ३६३०, ऑफसेट एफ०००ई०५बी. सात बाइटांची उडी! खरी उडी पाचच बाइटांची, एफ००० मधल्या ई०५बी ला. उरलेले ३० आणि ३६ ही ‘०’ आणि ‘६’ ही अक्षरं. तिथून बायोसची तारीख सुरू होते, ०६/२३/९९. पठ्ठ्याने जून महिना गिळून त्याचा सेगमेंट केला. पुढची तिरपी रेघ, २एफ, तिचा केला डीएएस: दशमान वजाबाकी सावरायची आज्ञा. मोडी लिपीतही शब्द सुटे नसतात, कुठे तोडायचं ते कागदाचा काळ ओळखून ठरवावं लागतं. पण मोडी वाचणारा चुकीच्या जागी तोडून निदान अडखळतो. हा अडखळत नाही.

ई०५बी हेही सहज आलेलं नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीचा बायोस इथेच उडी घ्यायचा. क्यूईएमयूतला बायोस, सीबायोस, पुढे नव्याने लिहिलेला, तरी दार त्याच जागी ठेवलंय.

आता जीडीबीला काळ सांगायचा: सेट आर्किटेक्चर आय८०८६. एवढ्यावर भागायला हवं, भागत नाही. क्यूईएमयू जोडणी होतानाच स्वतःचं वर्णन एक्सएमएलमध्ये पाठवतो, त्यात आर्किटेक्चर भलतंच, आणि अलीकडचा जीडीबी आपल्यापेक्षा त्याचं ऐकतो. मग तसंच वर्णन आपण लिहायचं, त्यात आय८०८६ घालायचं आणि ‘सेट टीडेस्क फाइलनेम’ने जोडणीआधीच त्याच्या हाती द्यायचं. मगच तो पाच बाइटांवर थांबतो.

पुढचं सरळ आहे. ७सी०० वर ब्रेकपॉइंट, तिथे बूट सेक्टरचे ५१२ बाइट, शेवटचे दोन ५५ आणि एए. मग लोडर सीआर० चा सर्वांत खालचा बिट १ करतो, आणखी एक लांब उडी घेतो, आणि मशीन बत्तीस बिटांचं होतं. ही खबर जीडीबीपर्यंत कोणी पोचवत नाही. वर्णनाची दुसरी फाइल, आय३८६ ची, उडी पडते त्याच ओळीवर द्यायची; एका आज्ञेचा जरी उशीर झाला तरी तो नवा कोड जुन्या चालीने वाचायला लागतो, तितक्याच आत्मविश्वासाने.