उजेड मोजला, कारण नाही

फ्लुओरिमीटर एकच गोष्ट सांगतो: ठरावीक तरंगलांबीचा किती प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोहोचला. तो किती रेणूंनी दिला, वाटेत किती अडला, शेजारच्या रेणूने किती गिळला, यातलं काहीही त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. एम.एस्सी.च्या वर्गाला मी हे दरवर्षी शिकवत होते. तरीही माझ्या स्वतःच्या प्रयोगशाळेत दोनदा मी त्या आकड्याला भलताच अर्थ चिकटवला, आणि दोन्ही वेळा किंमत मोजली ती माझ्या विद्यार्थ्यांनी.

पहिली चूक सिलिकाच्या सूक्ष्म कणांबाबत झाली. १९६८ साली श्ट्योबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली कृती आम्ही वापरत होतो. अल्कोहोल, पाणी, अमोनिया आणि टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट) एकत्र ढवळलं की एकसारख्या आकाराचे गोल कण मिळतात. त्यांच्या पृष्ठभागावर अमाइन गट बसवायचे आणि किती बसले ते मोजायचं, एवढंच काम होतं. मोजण्यासाठी एफआयटीसी हा डाय घेतला. तो फ्लुओरेसीनच्या घराण्यातला; निळा प्रकाश शोषतो, हिरवा देतो आणि अमाइनशी पक्का जोडला जातो. जितके अमाइन तितका डाय, आणि जितका डाय तितका हिरवा उजेड, असा माझा हिशेब होता.

अमाइन असलेल्या सिलेनचं प्रमाण वाढवत नेलं तसा उजेड आधी वाढला आणि मग घटू लागला. जादा सिलेन आपसातच जोडलं जातंय, कणांवर बसत नाही, असा निष्कर्ष मी काढला. पाण्यात असं घडतंही, त्यामुळे तो मला लगेच पटला. एका दुपारी विद्यार्थी सेंट्रिफ्यूजच्या नळ्या घेऊन आला. "मॅडम, सगळ्यात कमी उजेड देणाऱ्या नमुन्याचाच गाळ सगळ्यात गडद पिवळा दिसतोय," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं, "डोळ्यांवर जाऊ नकोस, आकडा बघ."

त्याचे डोळे बरोबर होते. गडद पिवळा म्हणजे डाय जास्त. फ्लुओरेसीनचे रेणू एकमेकांपासून चार-पाच नॅनोमीटरच्या आत आले की एकाने शोषलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर न पडता शेजाऱ्याकडे जाते. तिथून ती पुढच्याकडे जाते, आणि दाटीत जवळजवळ चिकटलेली एखादी जोडी सापडली की तिथे उष्णता होऊन संपते. पृष्ठभाग जितका भरलेला, तितका उजेड कमी. आमचा सर्वांत यशस्वी नमुना मी सर्वांत वाईट ठरवला होता, आणि ती कृती सुधारण्यासाठी त्या मुलाला महिनोन्‌महिने कामाला लावलं होतं.

शेवटी उत्तर मिळालं ते कण मोडून. सिलिका कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात विरघळते. कण विरघळले की डाय मोकळा होतो, रेणू एकमेकांपासून दूर जातात आणि अल्कलीत फ्लुओरेसीन भरपूर उजळतं. त्याच अल्कलीत तयार केलेल्या प्रमाण द्रावणांशी तुलना करून मोजल्यावर नमुन्यांचा क्रम पूर्ण उलटला. त्याच वेळी दुसरी ढिलाईही उघड झाली. धुवणाच्या पाण्यात हिरवा उजेड दिसेनासा होईपर्यंत कण धुवायचे असतात. आम्ही ठरलेल्या वेळा धुऊन थांबत होतो. त्यामुळे नुसता चिकटलेला डायसुद्धा आम्ही जोडलेला म्हणून मोजला होता. या सगळ्यात विद्यार्थ्याची फेलोशिप संपत आली. शेवटचं वर्ष त्याने एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत, संध्याकाळी प्रयोगशाळेत येऊन काढलं.

दुसरी चूक जास्त गंभीर होती, कारण तीत मी आकड्यांनाच हात लावला होता.

कार्बन डॉट्स २००४ मध्ये कार्बन नॅनोट्यूबची काजळी शुद्ध करताना सापडले, आणि काही वर्षांतच आपल्याकडे कितीतरी प्रयोगशाळांत ते बनू लागले. सायट्रिक आम्ल आणि एखादं अमाइन बंद भांड्यात तापवलं की निळा उजेड देणारं द्रावण हाती येतं. आम्ही त्यात फेरिक क्लोराइड घालत गेलो आणि उजेड घटत गेला. लोह ओळखणारा सेन्सर! कोकणातल्या अनेक घरांत बोअरचं पाणी बादलीत ठेवलं की लालसर होतं. त्या घरांना उपयोगी पडेल असं काहीतरी आपल्या हातून होतंय, असं मला मनापासून वाटलं.

अशा कामात स्टर्न-फोल्मर आलेख काढतात. मूळ उजेड भागिले उरलेला उजेड, लोहाच्या प्रमाणासमोर. क्वेंचिंग, म्हणजे उजेड विझणं, साधं असेल तर सरळ रेषा येते. आमची रेषा खालच्या भागात सरळ होती आणि वर गेल्यावर वाकत होती. विद्यार्थिनीने विचारलं, "वरचे बिंदू असे का वळतात?" मी म्हणाले की जास्त प्रमाणावर दोन प्रकारचं क्वेंचिंग एकत्र होतं, आपल्याला सरळ भाग पुरे आहे, वरचे काढून टाक. तिने काढले. रेषा सुंदर दिसू लागली, शोधनिबंध छापून आला.

त्या वाकलेल्या भागातच खरं उत्तर होतं. फेरिक लोह अतिनील प्रकाश जोरात शोषतं, आणि त्याचं शोषण आमच्या ३५० नॅनोमीटरच्या आसपासच्या उत्तेजक प्रकाशापर्यंत पसरलेलं असतं. म्हणजे डॉट्सपर्यंत प्रकाश पोहोचतच नव्हता. कंदिलाची काच काजळली म्हणून वात बारीक झाली असं कुणी म्हणत नाही. मी नेमकं तेच म्हटलं होतं. नेहमीच्या एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये उत्तेजक प्रकाशाचा अॅब्सॉर्बन्स १ असेल, तर मध्यापर्यंत पोहोचताना तो प्रकाश एक तृतीयांशाहून कमी उरतो. अॅब्सॉर्बन्स अवघा ०.१ असला तरी दहा टक्क्यांहून जास्त प्रकाश वाटेत जातो. ही घट घातांकी असते, म्हणून आलेख वर वाकतो.

हे नवीन ज्ञान नव्हतं. १८४५ मध्ये जॉन हर्शेल यांनी क्विनाइनच्या द्रावणात निळी झळाळी पाहिली, तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं की ती प्रकाश शिरतो त्या पृष्ठभागाजवळच दिसते, आणि एकदा द्रावणातून गेलेला प्रकाश पुन्हा ती निर्माण करू शकत नाही. पुढे १८५२ मध्ये स्टोक्स यांनी त्याची फोड केली. आमची चूक या विषयाच्या सुरुवातीच्याच निरीक्षणांत दडलेली होती.

एक साधा हिशेबही मी केला नव्हता. पाण्यात दोन रेणू जास्तीत जास्त ज्या वेगाने भेटू शकतात, त्याची मर्यादा सुमारे १०चा दहावा घात प्रति मोलर प्रति सेकंद एवढी असते. आलेखाच्या उताराला उजेडाच्या आयुष्यमानाने, म्हणजे काही नॅनोसेकंदांनी, भागलं असतं तर आमचा वेग या मर्यादेच्या सुमारे शंभरपट आला असता. टकरीतून ते शक्य नाही. भागाकार एका ओळीचा होता.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "लोह घातल्यावर लाइफटाइम बदललं का?" विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं. आम्ही मोजलंच नव्हतं. नंतर दुसऱ्या संस्थेत जाऊन मोजलं, तेव्हा ते जवळजवळ बदललं नव्हतं; टकरींमुळे उजेड विझत असता तर ते घटलं असतं. शोषणाची दुरुस्ती केल्यावर क्वेंचिंग म्हणून उरला तो फार थोडा अंश, आणि त्यातलाही काही पीएचचा. फेरिक क्लोराइड पाणी आम्लधर्मी करतं आणि आम्ही बफर वापरलाच नव्हता.

बोअरच्या पाण्याचा विचार तर मी मुळातच केला नव्हता. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेलं असतं ते फेरस लोह. हवा लागली की ते फेरिक होतं, आणि साधारण उदासीन पाण्यात फेरिक विरघळून राहत नाही, गाळ होऊन बसतं. बादलीतला लालसरपणा तोच. जे विरघळलेल्या रूपात त्या पाण्यात जवळपास नसतंच, ते ओळखणारा सेन्सर मी त्या घरांसाठी बनवत होते.

त्या तोंडी परीक्षेच्या आधी एका तालुक्याच्या महाविद्यालयातून एका प्राध्यापकांचं पत्र आलं होतं. आमची पद्धत त्यांच्या गावच्या पाण्यावर चालत नाही, असं त्यांनी नीट आकड्यांसह लिहिलं होतं. मी त्यांना क्युव्हेट स्वच्छ करून पाहायला सांगितलं होतं. त्यांच्या प्रकल्पातल्या मुलांनी त्यापुढे आणखी एक सत्र त्यात घालवलं, हे मला नंतर कळलं.

विद्यार्थिनीने प्रबंधातलं ते प्रकरण पुन्हा लिहिलं. पदवी लांबली, आणि दरम्यान आलेली नोकरीची संधी गेली. नियतकालिकाला मी दुरुस्ती पाठवली. त्यात बिंदू काढण्याचा निर्णय माझा होता हे स्पष्ट लिहिलं. त्या प्राध्यापकांनाही लिहिलं की त्यांचे आकडे बरोबर होते आणि माझं उत्तर चूक होतं. त्यांनी उत्तरात पाण्याचे आणखी नमुने पाठवले.

आता आमच्याकडे क्युव्हेट फ्लुओरिमीटरमध्ये जाण्याआधी यूव्ही-व्हिजिबलमध्ये जातो. द्रावण बफरमध्ये असतं. काढलेले बिंदू वहीत त्याच पानावर राहतात, शेजारी कारण आणि काढायला सांगणाऱ्याची सही. नव्या प्रबंधांच्या परिशिष्टात ती पानं जशीच्या तशी छापली जातात, आणि तोंडी परीक्षेला येणाऱ्या परीक्षकांना मी तीच आधी उघडायला सांगते.