खणांतला कोयता

प्राध्यापकाच्या टेबलाच्या खणांत काय काय सांपडेल ह्याचा अंदाज करणें फारसें कठीण नाहीं. न तपासलेल्या उत्तरपत्रिका, खडूचे तुकडे, ग्रंथालयास परत करावयाचें राहिलेलें एखादें पुस्तक आणि डोकेदुखीच्या गोळ्या, एवढ्यांत त्याचा संसार आटोपतो. माझ्या खणांत मात्र ह्या साऱ्या वस्तूंच्या खालीं, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला एक कोयता आहे. एखादा नवा सहकारी कांहीं शोधण्यासाठीं खण उघडतो आणि दचकतो. “नारळ सोलावयाचा आहे,” असें सांगून मी वेळ मारून नेतों. ती थाप आज मी मागें घेणार आहें.

आमच्या पालघर भागांत कोयता ही भीतीची वस्तु नव्हे. वारली गडी तो कमरेला अडकवून रानांत जातो. वाडीवाला त्यानें नारळ फोडतो, केळीचा घड उतरवितो, कुंपणाच्या फांद्या छाटतो. पुढें २०२२–२३ च्या सुमारास पुण्याच्या वर्तमानपत्रांनीं ह्याच अवजाराला टोळीचें नांव बहाल केलें आणि त्या टोळ्यांत मिसरूडही न फुटलेलीं मुलें असल्याच्या बातम्या येऊं लागल्या, तेव्हां इतरांना नवल वाटलें; मला वाटलें नाहीं. माझ्या खणांत तो आधींच येऊन पडला होता.

गोष्ट २०१८ च्या पावसाळ्यांतील. प्रथम वर्षाच्या वर्गाकडून मी इंग्रजीचा एक पाठ वाचवून घेत होतों. ह्या वर्गांतलीं पुष्कळ मुलें डहाणू लोकलनें बोईसरहून येतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीनें आणि १९६९ सालीं सुरू झालेल्या अणुविद्युत् केंद्रानें ह्या किनाऱ्यावर साऱ्या हिंदुस्थानांतून माणसें आणून वसविलीं. त्यांचीं मुलें घरीं एक भाषा बोलतात, शाळेंत दुसरी शिकतात आणि आमच्याकडे येऊन तिसरीशीं झुंजतात. अशाच एका मुलाला मीं वाचावयास उभें केलें. ‘आयलंड’ हा शब्द त्यानें अक्षरागणिक ‘इस्लंड’ असा वाचला. चूक अगदीं समजण्यासारखी होती. अक्षर लिहावयाचें पण उच्चारावयाचें नाहीं, हा त्या भाषेचाच लहरीपणा. परंतु वर्ग पेंगुळला होता आणि विनोद करण्याची मला जुनी खोड. मी म्हणालों, “ह्या इस्लंडावर मनुष्यवस्ती दिसत नाहीं!” वर्ग खदखदून हंसला. मीही हंसलों. तास संपला आणि मी तो विनोद विसरून गेलों.

वर्ग विसरला नाहीं. त्या दिवसापासून मुलाचें नांव गेलें आणि ‘इस्लंड’ राहिलें. मोबाईलवर त्याचा चेहरा एका ओसाड बेटावर चिकटवून तें चित्र सर्वत्र फिरविण्यांत आलें. बांकावर त्याच्या दोन्ही बाजूंस जागा मोकळी सोडण्याची टूम निघाली. बेटाच्या भोंवतीं पाणी नको का? दोघे जण ह्या खेळांत पुढारी होते. डबा लपविणें, फलाटावर धक्के देणें, नांवानें हांका मारणें असा क्रम चार महिने चालला. ह्या चार महिन्यांत मी त्या वर्गावर आठवड्यांतून चारदां जात होतों, आणि त्या रिकाम्या जागा मला दिसत असूनही दिसल्या नाहींत.

दिवाळीच्या सुटीपूर्वीं एके सकाळीं आमचे वृद्ध शिपाई, ज्यांना सारीं मुलें मामा म्हणतात, हातांत कापडी पिशवी घेऊन माझ्या खोलींत आले. “सर, दार लावतों,” ते म्हणाले, “पोरगा खालीं माझ्या खोलींत चहा घेतोय. ओरडूं नका. आधीं बसा.” मग त्यांनीं पिशवींतला कोयता टेबलावर ठेवला. वर्गांतल्या एका मुलानें त्यांना पहांटेच फोन केला होता. मामा फाटकाशीं उभे राहिले, मुलगा येतांच “चल रे, टाकी उचलायला जरा हात लाव,” म्हणून त्याला बाजूला घेऊन गेले, आणि खोलींत नेऊन त्यांनीं त्याच्यापुढें चहा ठेवला. चहा निम्मा झाल्यावर त्या मुलानें पिशवी आपण होऊन त्यांच्या हातीं दिली.

पुढें चौकशींत निघालें कीं, तो कांहींतरी करणार हें वर्गांतल्या अकरा जणांना ठाऊक होतें. मी त्यांना विचारलें, “मला कां नाहीं सांगितलें?” कोणी बोलेना. शेवटीं एक मुलगी म्हणाली, “सर, नांव तर तुम्हीच ठेवलें होतें.”

त्या वाक्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. उत्तर नसलें कीं प्राध्यापक पुस्तकांकडे वळतो, तसा मीही वळलों. १९९९ सालीं अमेरिकेंत कोलंबाइन येथील शाळेंत दोघां विद्यार्थ्यांनीं बारा विद्यार्थी व एक शिक्षक ह्यांना गोळ्या घालून ठार केलें. त्यानंतर तेथील सीक्रेट सर्व्हिस व शिक्षणखातें ह्यांनीं मिळून १९७४ पासून २००० पर्यंतच्या शालेय हल्ल्यांच्या ३७ घटना तपासल्या. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालांत दिसतें कीं, असे हल्ले सहसा क्षणिक संतापाच्या भरांत होत नाहींत. शेंकडा ८१ घटनांत हल्ल्याचा बेत निदान एका तरी माणसाला आधीं ठाऊक होता. शेंकडा ७१ हल्लेखोरांना आपला छळ किंवा उपमर्द झाल्याची भावना होती. आणि हल्लेखोर ओळखण्याचा एकच असा सांचा मात्र कोठेंही सांपडला नाहीं. हजारों मैलांवरच्या त्या आंकड्यांत मला माझा वर्ग बसलेला दिसला.

आणखी एक गोष्ट त्यांत होती. दोन तृतीयांशांहून अधिक हल्लेखोरांनीं बंदूक आणली होती ती स्वतःच्या किंवा नातलगाच्या घरांतून. आपल्याकडे ११ डिसेंबर २००७ रोजीं गुरगांवच्या एका शाळेंत आठवीच्या दोन मुलांनीं आपल्या सोबत्याला गोळ्या घालून मारलें, तेंही पिस्तूल घरांतूनच आलें होतें. ज्या घरांत बंदूक आहे त्या घरानें ती कुलपांत ठेवावी, हा बोध सरळ आहे. पण कोयत्याला कोणतें कुलूप लावणार? तो अंगणांत पडलेला असतो, आठवड्याच्या बाजारांत वजनावर मिळतो. आमच्या शिस्तपालन समितीनें दोन्ही पक्षांच्या मुलांना पंधरा पंधरा दिवस घरीं बसविलें, फाटकाशीं पिशव्या तपासण्याचें ठरविलें आणि जिन्यांत कॅमेरे बसविले. त्यांना माझा विरोध नव्हता आणि नाहीं. मात्र ते कॅमेरे जूनमध्यें असते तर त्यांत एक हंसरा वर्ग आणि एक हंसरे प्राध्यापक एवढेंच टिपलें गेलें असतें.

रॅगिंगला मनाई करणारा महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे. त्या दोघां पुढाऱ्यांना तो वाचून दाखविण्यांत आला. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें शाळकरी मुलांना मारणें आणि त्यांचा मानसिक छळ करणें ह्या दोहोंस बंदी केली आहे. माझा वर्ग वयानें त्याच्या कक्षेबाहेरचा. म्हणून मला कोणी कांहीं वाचून दाखविलें नाहीं. तें काम मला स्वतःच करावें लागलें.

मी बोईसरला त्या मुलाच्या घरीं गेलों. चाळींतली एक खोली. वडील रात्रपाळीहून येऊन निजले होते. मुलाच्या आईनें त्यांना उठविलें. ते उठून बसले, तोंडावर पाणी मारून आले आणि म्हणाले, “साहेब, त्यानें काय केलें तें समजलें. त्याला कोणीं काय केलें तें सांगा.” मीं सांगितलें, पहिला शब्द कोणाचा हेंही सांगितलें. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. मीं त्याची क्षमा मागितली. कोयता परत न्यावा असें मी सुचवितांच वडिलांनीं मान हलविली. “तो आमच्या घरचा नाहीं,” ते म्हणाले. मुलानें दुपारच्या खाण्याच्या पैशांतून तो घेतला होता. म्हणजे तो कितीतरी दिवस उपाशीपोटीं माझ्यापुढें बसला होता.

परततांना मला कोसबाडची आठवण झाली. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें आपलें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मूल शाळेंत येत नाहीं ना, मग शाळेनें त्याच्या अंगणांत जावें, गुरें राखतें त्या कुरणांत जावें, अशी त्यांची रीत. बोईसरहून थोड्याच अंतरावर हें घडलें. मीं त्यावर व्याख्यानें दिलीं आहेत. विद्यार्थ्याच्या घराचा उंबरठा मात्र मीं चोवीस वर्षांच्या नोकरींत त्या दिवशीं प्रथम ओलांडला.

पुढच्या वर्षीं १४ ऑगस्टला मी वर्ग घेऊन हुतात्मा स्तंभापाशीं गेलों. १९४२ सालीं ह्याच दिवशीं मामलेदार कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पागधरे, ठाकूर, तिवारी, चुरी आणि मोरे हे पांच जण पडले. मी मुलांना म्हणालों, “अपमान त्यांचाही झाला होता, राग त्यांनाही आला होता, पण ते हातांत शस्त्र न घेतां चालत आले.” त्या मुलीनेंच पुन्हां हात वर केला. “सर, त्यांच्याबरोबर सारा मोर्चा होता. त्याच्या बांकावर तर कोणीच नव्हतें.” मुलगा तेथेंच, चार पावलांवर उभा होता. त्यानें मान वर केली नाहीं. पण जातांना तो त्या मुलीच्या घोळक्यांतून गेला.

लोक बरोबर असले म्हणजे झालें, असेंही म्हणवत नाहीं. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं आमच्याच जिल्ह्यांतील गडचिंचले येथें चोर आल्याच्या अफवेनें जमलेल्या जमावानें दोन साधु आणि त्यांचा गाडीचालक ह्यांना ठार मारलें. ती चित्रफीत माझ्या विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर दुसऱ्या कांहीं दिवसांत येऊन पोहोंचली. त्या रात्रीं माणसांची वाण नव्हती. थांबविणारा आवाज पुरा पडला नाहीं. म्हणून माझ्या मतें आमच्या कहाणींतला मोठा मनुष्य मीही नव्हे आणि मामाही नव्हेत. ज्या अकरांना ठाऊक होतें त्यांतला एक पहांटे उठला आणि चहाडखोर म्हणवून घेण्याची भीति गिळून त्यानें फोन केला, तो खरा. आणि त्याला फोन करण्याजोगा एक माणूस त्या इमारतींत होता, हें आमचें भाग्य. तो माणूस प्राध्यापक असावयास हवा होता.

तो मुलगा पदवीधर झाला. तारापूरच्या एका कारखान्याच्या भांडारांत त्याला काम आहे. कधीं फलाटावर भेटतो, “सर, बरे आहांत ना?” म्हणून विचारतो, दोन शब्द बोलतो. माझ्या विनोदांना मात्र तो हंसत नाहीं, आणि त्यानें हंसावें अशी माझी अपेक्षाही नाहीं.

दर वर्षीं पहिल्या तासाला जाण्यापूर्वीं मी तो खालचा खण एकदां उघडून पाहतों. मग वर्गावर जाऊन हजेरी घेतों. प्रत्येकाला उभें करून त्याचें नांव त्याच्या घरीं कसें उच्चारतात तें विचारतों, आणि जमेपर्यंत तसें म्हणतों. मुलें माझ्या उच्चारांना हंसतात. तास निम्मा त्यांतच जातो.