पाच अपराजित, दोन जागा

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात २००४ च्या मोसमाने खेळाडूंइतकीच विजेता ठरवण्याच्या पद्धतीचीही परीक्षा घेतली, कारण त्या वर्षी ५ डिसेंबरला अंतिम क्रमवारी जाहीर झाली तेव्हा सदर्न कॅलिफोर्निया, ओक्लाहोमा, ऑबर्न, युटा आणि बॉइझी स्टेट या पाच विद्यापीठांच्या संघांनी एकही सामना गमावलेला नव्हता आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीत जागा मात्र दोनच होत्या. त्या मोसमासाठी बाद पद्धतीची स्पर्धा असती, तर तिचे स्वरूप कसे असते, हा प्रश्न क्रीडारसिकांच्या कल्पनाविलासाचा वाटला तरी तो इतिहासलेखनाचाही प्रश्न आहे. आणि त्याचे खरे मोल काल्पनिक सामन्यांच्या निकालांत नसून स्पर्धेचा तक्ता मांडताना कोणाचा कोणता हक्क डावलला गेला होता, हे स्पष्ट होण्यात आहे.

येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूने खेळला जाणारा अमेरिकी प्रकार होय. त्याच्या सर्वोच्च महाविद्यालयीन श्रेणीत शंभराहून अधिक संघ असतात, परंतु खेळ अत्यंत अंगमेहनतीचा असल्याने प्रत्येक संघ नियमित मोसमात साधारण अकरा-बाराच सामने खेळतो आणि त्यांतील बहुतेक सामने आपल्या कॉन्फरन्समधील, म्हणजे विद्यापीठांच्या ठरावीक गटातील, प्रतिस्पर्ध्यांशीच होतात. परिणामी देशातील बलाढ्य संघांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते आणि त्यांची तुलना मैदानाबाहेर, मतांच्या आधारे करावी लागते.

ही तुलना करण्यासाठी १९९८ पासून ‘बाउल चॅम्पियनशिप सिरीज’, संक्षेपाने ‘बीसीएस’, ही व्यवस्था होती. बाउल म्हणजे मोसमाच्या अखेरीस निमंत्रित संघांत खेळवला जाणारा मानाचा सामना. बीसीएस क्रमवारीतील पहिल्या दोन संघांना विजेतेपदाच्या लढतीत स्थान मिळे, तर उरलेल्या नामवंत संघांची अन्य बाउल सामन्यांत वाटणी होई. २००३ मध्ये पत्रकार आणि प्रशिक्षक या दोघांच्याही मतदानात पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ संगणकीय गुणांमुळे त्या लढतीबाहेर राहिला, म्हणून २००४ साठी सूत्र बदलण्यात आले आणि असोसिएटेड प्रेसचे मतदान, प्रशिक्षकांचे मतदान व सहा संगणकीय क्रमवाऱ्यांचा एकत्रित गुण यांना प्रत्येकी एक तृतीयांश वजन देण्यात आले. नव्या सूत्राने मागील वर्षाची तक्रार दूर केली, परंतु त्याच मोसमात वेगळीच तक्रार उद्भवली.

मोसमापूर्वीच्या असोसिएटेड प्रेसच्या मतदानात सदर्न कॅलिफोर्निया पहिला, ओक्लाहोमा दुसरा आणि ऑबर्न सतरावा होता. वरचे दोन्ही संघ हरले नाहीत, त्यामुळे साउथईस्टर्न कॉन्फरन्ससारख्या कठीण गटाचे विजेतेपद मिळवून आणि बाराच्या बारा सामने जिंकूनही ऑबर्न तिसऱ्या स्थानापलीकडे जाऊ शकला नाही. ऑगस्टमधील अंदाजाने डिसेंबरमधील कामगिरीवर मात केली, असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार आहे, जरी ऑबर्नने गटाबाहेरचे प्रतिस्पर्धी दुबळे निवडले होते हा आक्षेपही निराधार नव्हता.

काल्पनिक स्पर्धा मांडताना पहिले पथ्य असे की, ५ डिसेंबरनंतर घडलेली कोणतीही गोष्ट विचारात घेऊ नये. युटाचा ॲलेक्स स्मिथ एप्रिल २००५ मध्ये व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत पहिला निवडला गेला आणि त्याच निवडीत ऑबर्नच्या चौघांना पहिल्या फेरीत स्थान मिळाले, ही माहिती आज या संघांचे वजन वाढवते; पण डिसेंबरमधील मतदारांपुढे ती नव्हती.

चार संघांची स्पर्धा, म्हणजे २०१४ पासून प्रत्यक्षात आलेले प्लेऑफचे स्वरूप, बीसीएस क्रमवारीनुसार मांडली तर सदर्न कॅलिफोर्नियाची गाठ चौथ्या टेक्सासशी आणि ओक्लाहोमाची ऑबर्नशी पडते. ऑबर्नला न्याय मिळतो, परंतु एक सामना हरलेला टेक्सास आत येतो आणि सहावा असलेला अपराजित युटा बाहेर राहतो. शिवाय चौथी जागाच वादग्रस्त ठरते. टेक्सास ओक्लाहोमाकडून ०–१२ असा हरला होता आणि पाचव्या कॅलिफोर्नियाचा एकमेव पराभव पहिल्या क्रमांकाच्या सदर्न कॅलिफोर्नियाकडून १७–२३ असा झाला होता. तरीही टेक्सासचे प्रशिक्षक मॅक ब्राउन यांनी मतदारांना जाहीर आवाहन केल्यानंतर, शेवटच्या आठवड्यात स्वतः सामना न खेळता टेक्सास कॅलिफोर्नियाच्या पुढे गेला. याच वादानंतर असोसिएटेड प्रेसने आपले मतदान बीसीएसमधून काढून घेतले आणि २००५ पासून प्रशिक्षकांची अखेरची मते जाहीर होऊ लागली.

आठ संघांचा तक्ता मांडला की चित्र विलक्षण बोलके होते. पहिल्याची आठव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी अशी जोडी लावल्यास सदर्न कॅलिफोर्निया–व्हर्जिनिया टेक, ओक्लाहोमा–जॉर्जिया, ऑबर्न–युटा आणि टेक्सास–कॅलिफोर्निया अशा उपांत्यपूर्व लढती ठरतात. दोन अपराजित संघांची तुलना आणि मतदारांमुळे पेटलेला वाद, हे दोन्ही प्रश्न पहिल्याच फेरीत मैदानावर सुटले असते. तरीही नवव्या क्रमांकाचा, अकराही सामने जिंकलेला बॉइझी स्टेट दाराबाहेरच राहतो.

२०२४ पासून लागू झालेल्या बारा संघांच्या स्वरूपात, पहिल्या चार संघांना पहिल्या फेरीतून सूट देऊन, पाचही अपराजित संघ सामावतात; बॉइझी स्टेटची पहिली लढत व्हर्जिनिया टेकशी येते. त्याची किंमतही मोजावी लागते, कारण प्रत्येकी दोन सामने हरलेल्या जॉर्जिया, लुइझियाना स्टेट आणि आयोवा यांनाही विजेतेपदाची संधी मिळते आणि नियमित मोसमातील प्रत्येक पराभवाची धार बोथट होते. ही किंमत खरी असली तरी ती सोसण्याजोगी आहे; दोनदा हरलेल्याला जादा संधी मिळण्यापेक्षा एकदाही न हरलेल्याला ती नाकारली जाणे हा अधिक गंभीर अन्याय होय.

या तक्त्यांत काल्पनिक गुण भरण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. प्रत्यक्ष अंतिम लढतीत सदर्न कॅलिफोर्नियाने ओक्लाहोमाचा ५५–१९ असा धुव्वा उडवला, म्हणून त्याने ऑबर्नलाही हरवले असते, असा निष्कर्ष निघत नाही. एका सामन्याचा फरक दुसऱ्या सामन्याला लावता येत नाही, आणि स्पर्धेचे स्वरूप बदलले असते तर संघांची आखणी, विश्रांती व दुखापतीही बदलल्या असत्या. ऑबर्नने व्हर्जिनिया टेकला १६–१३ असे व युटाने पिट्सबर्गला ३५–७ असे हरवून मोसम अपराजित संपवला, तर बॉइझी स्टेटला लुईव्हिलकडून ४०–४४ अशी निसटती हार पत्करावी लागली. या निकालांतून परस्पर तुलनेचा निर्णय लागत नाही.

पुढे रेजी बुश या खेळाडूने घेतलेल्या नियमबाह्य लाभांमुळे २०११ मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाचे बीसीएस विजेतेपद काढून घेण्यात आले आणि ते कोणालाही देण्यात आले नाही. ही रिकामी जागा भरणे काल्पनिक स्पर्धेचे काम नव्हे, कारण न खेळलेल्या सामन्याचा विजेता घोषित करणे म्हणजे मतदारांनी केलेलीच चूक नव्या रूपात करणे होय. अशा स्पर्धेच्या कल्पनेतून निकाल मिळत नसला, तरी कोणत्याही विजेता-पद्धतीला लावता येईल असा निकष मिळतो: आपल्या वाट्याला आलेला प्रत्येक सामना जिंकलेल्या संघाची वाट केवळ दुसऱ्या संघाने, मैदानावर, रोखलेली असावी. ओक्लाहोमाला विजेतेपदाच्या लढतीत पराभूत होण्याचा तरी हक्क मिळाला. ऑबर्न, युटा आणि बॉइझी स्टेट यांना तोही मिळाला नाही, आणि २००४ च्या मोसमाचे मूल्यमापन याच वस्तुस्थितीपासून सुरू झाले पाहिजे.