कात्रीखाली जन्मणारा वास

चाइव्ह्जची पात कुंडीत उभी असते तेव्हा तिच्यापाशी कितीही वाका, नाकाला फारसं काही लागत नाही. कात्री चालली की मात्र कोवळ्या कांद्याचा हिरवा दरवळ उठतो. पातीच्या पेशीत गंधकाची संयुगं एका कप्प्यात असतात आणि त्यांना फोडणारं विकर दुसऱ्यात. पेशी चिरली की दोघांची गाठ पडते. वास तयार होतो तो त्या क्षणी. आणि लगेच उडूही लागतो. वाळवून बाटलीत भरलेली पात मला म्हणूनच कधी रुचली नाही. हे झाड चुलीपासून चार पावलांवरच हवं.

फ्रँकफर्टच्या आमच्या बाल्कनीत ते आहे. हिवाळ्यात कुंडीत नुसती माती दिसते आणि थंडी ओसरू लागली की त्याच मातीतून सुईसारखी टोकं वर येतात. किती आनंद होतो तेव्हा! पात वाढते बुडातून, त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटर राखून कापली तरी पुन्हा उंच होते. मे-जूनमध्ये जांभळे गोंडे फुलतात. त्यांचा दांडा चिवट असतो, पण पाकळ्या कोशिंबिरीत सुरेख लागतात. काही गोंडे मधमाश्यांसाठी ठेवावेतच.

या शहराला कच्च्या पाल्याचं वेड आहे. इथल्या ‘ग्र्यूने झोसे’ला, म्हणजे हिरव्या सॉसला, 2016 साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात सात पाले लागतात: पार्सली, चाइव्ह्ज, अळिवाची पानं, चुक्याच्या जातीतला एक आंबट पाला, बोराज, चर्विल आणि पिंपिनेल. सगळे बारीक चिरून आंबट सायीत कालवायचे आणि उकडलेल्या अंड्या-बटाट्यांबरोबर खायचे. पाल्याला आच लागतच नाही, आणि चाइव्ह्जला तेच मानवतं.

आपली कांद्याची पात दणकट. तेलावर परता, वर बेसन पेरा, झाकण ठेवून वाफ काढा, तरी तिचा कांदेपणा जात नाही. चाइव्ह्जची पात कढईत टाकली की उरतो तो नुसता हिरवा रंग. पिठल्यावर ती फार छान लागते, पण पिठलं ताटात वाढून झाल्यावर. बटाट्याच्या दह्यातल्या कोशिंबिरीवर जिरं-हिंगाची फोडणी घालावी, ती पुरती निवू द्यावी, मग वाडग्यावरच पात कातरावी. मूठभर तरी हवीच. चिमटीने काही होत नाही.