पदरी

बसमध्ये माझ्या मांडीवर एका करारनाम्याची नक्कल होती. तारीख १ मे १७६१, कलमं चौदा. नोकराने पांढरे पायमोजे आणि स्वच्छ पांढरा सदरा घालावा, केसांना पावडर लावावी, केस मागे बांधावेत नाहीतर टोप चढवावा. रोज दुपारच्या आधी आणि नंतर मालकांच्या दालनाबाहेर हजर राहून, आज गाणं-बजावणं आहे की नाही याचा हुकूम घ्यावा. वादकांमधली भांडणं मिटवावीत, वाद्यांची निगा राखावी. मालक सांगतील ते संगीत रचावं, त्याची नक्कल बाहेर जाऊ देऊ नये आणि परवानगीशिवाय दुसऱ्या कुणासाठी काही रचू नये. पगार वर्षाला ४०० गुल्डन.

हा नोकर म्हणजे योझेफ हायडन. वय २९. सिंफनी आणि स्ट्रिंग क्वार्टेट या दोन्हींचा जनक म्हणून पुढे ज्याचं नाव घेतलं गेलं, तो.

व्हिएन्नाहून आयझेनश्टाटला पोचायला तासभर लागतो. गाव जवळ आलं की उतारावर द्राक्षाचे मळे दिसू लागतात. गाव लहान, पण त्यातला एस्टरहाझींचा पिवळा राजवाडा अंगापेक्षा बोंगा मोठा म्हणावा असा. हंगेरीतल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी हे एक; करारातले मालक हेच. तेव्हा आयझेनश्टाट हंगेरीतच होतं; १९२१ साली हा पट्टा ऑस्ट्रियात आला. या राजवाड्यातल्या मोठ्या दालनाला आज ‘हायडन दालन’ म्हणतात. ज्याला दाराशी ताटकळत उभं राहायला लागायचं, त्याच्या नावाने दालन! काळ असे हिशेब मजेत चुकते करतो.

हायडनला चाकरी नवी नव्हती. बाप रोराऊ गावात गाड्यांची चाकं बनवायचा. आई लग्नाआधी तिथल्याच सरदाराच्या वाड्यात स्वयंपाकीण. बापाला नोटेशन वाचता येत नसे, पण तो हार्पवर कानाने धून वाजवायचा. पोराचा गळा चांगला म्हणून त्याला लहानपणीच नातेवाईक मास्तरांकडे पाठवलं. तिथून तो व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलमध्ये गाणाऱ्या मुलांत गेला. आवाज फुटला तशी रवानगी रस्त्यावर झाली. पुढची कित्येक वर्षं पोटमाळ्यावर राहणं, शिकवण्या घेणं, मिळेल तिथे वाजवणं. अशा माणसाला वर्षाचे ४०० गुल्डन आणि डोक्यावर छप्पर म्हणजे काय, हे पायमोज्यांच्या कलमाला हसताना विसरू नये.

राजवाड्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर त्याचं घर आहे. गल्ली अरुंद, दारावर बरोक धाटणीची कमान. मुख्य कपेलमाइस्टर (दरबारी संगीतप्रमुख) झाला त्या वर्षी, म्हणजे १७६६ साली, त्याने ते विकत घेतलं. १७६८ आणि १७७६ साली गावाला लागलेल्या आगींत ते दोनदा जळालं. त्यात त्याच्या काही रचनाही कायमच्या गेल्या. दोन्ही वेळा मालक प्रिन्स निकोलाउस यांच्या मदतीने घर पुन्हा उभं राहिलं. पदरी असण्याची ही दुसरी बाजू. आपल्याकडच्या दरबारी गवयांच्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्याला ती समजावून सांगावी लागत नाही: जो हुकूम सोडतो, तोच घर शाकारून देतो.

घर बघण्यात इतका वेळ गेला की टेकडीवरच्या चर्चला पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं. हायडनची कबर तिथे आहे. चूक माझीच. कबर कुठे पळून जात नाही, म्हणत मी खाली उतरलो. (या कबरीच्या बाबतीत हे वाक्य किती चुकीचं, ते पुढे येईलच.)

दुसऱ्या दिवशी शोप्रोनमार्गे फेर्तोडला गेलो. आता हे हंगेरी. वाटेत सगळं सपाट, गवताळ. जवळच एक उथळ, बोरूने भरलेलं तळं. या दलदलीच्या कडेला एक शिकारीचा वाडा होता. प्रिन्स निकोलाउसना तिथे स्वतःचं व्हर्साय हवं होतं. त्यातून एस्टरहाझा उभा राहिला: १२६ खोल्या, नालेच्या आकाराचं अंगण, वेलबुट्टीचं लोखंडी फाटक, ऑपेरागृह, कळसूत्री बाहुल्यांचं नाट्यगृह. १७७३ साली सम्राज्ञी मारिया तेरेझा इथे पाहुणी म्हणून आली होती. पुढे तर एकट्या १७८६ सालात ऑपेऱ्याचे शंभराहून जास्त प्रयोग झाले. तालमी, दुरुस्त्या, गायकांची मनधरणी, सगळं हायडनच्या गळ्यात. शिवाय मालक स्वतः बॅरिटन वाजवायचे. हे व्हिओल कुळातलं गजाचं वाद्य. मानेच्या मागे आणखी तारा, त्या अंगठ्याने छेडायच्या. आज ते वाद्य बहुतेकांनी पाहिलेलंही नसतं. पण मालकांच्या हौसेपायी हायडनने त्यासाठी सव्वाशेच्या वर त्रिकुटं लिहिली.

ऑपेरागृह आता उरलेलं नाही. वादकांची इमारत मात्र फाटकासमोर रस्त्यापलीकडे आहे, आणि मला तीच बघायची होती. वाड्याच्या मानाने साधी, दुमजली. बहुतेक वादकांना बायकापोरं इथे आणायची मुभा नव्हती. ती राहायची आयझेनश्टाटला, मी सकाळी निघालो त्या गावात. मोटारीने तासाभराचं अंतर, पण चाकराला हुकमाशिवाय ओलांडता न येणारं. १७७२ साली मालकांचा मुक्काम हलेचना. वादक हायडनकडे आले. त्याने अर्ज केला नाही, सिंफनी लिहिली.

सूर निवडला काळी तीनचा, मायनर. त्या काळी सिंफनीसाठी हा सूर कुणी धरत नसे. हॉर्नवाल्यांच्या वाद्यांना तो लागावा म्हणून नळ्यांचे खास तुकडे बनवून घ्यावे लागले. शेवटचा भाग जोरात संपत आला असं वाटतं तोच वाजवणं थांबतं आणि एक संथ सुरावट सुरू होते. एक ओबो आणि एक हॉर्न आपला तुकडा वाजवतात, समोरची मेणबत्ती विझवतात आणि निघून जातात. मग बसूनवाला. मग दुसरा ओबो, दुसरा हॉर्न. मग डबल बास, म्हणजे तळाचा खर्जच गेला. दालन काळोखत जातं. शेवटी दोन व्हायोलिनं उरतात: एक वाद्यवृंदातला पहिला व्हायोलिनवादक तोमासिनी याचं, एक खुद्द हायडनचं. तीही विझतात. दुसऱ्या दिवशी मालकांनी सामान बांधायला सांगितलं, अशी गोष्ट आहे. त्या इमारतीसमोर मी कानात ती सिंफनी लावून उभा राहिलो. समोरच्या खिडक्या एकसारख्या, अगदी त्या पोशाखासारख्या.

म्हातारपणी हायडन म्हणे की जगापासून तुटल्यामुळे मला स्वतंत्र व्हावंच लागलं. ते खरं असावं. हाताशी रोजचा वाद्यवृंद, काय जमतं काय फसतं ते तिथल्या तिथे कळे, आणि खोड काढायला जवळपास कुणी नाही. करारातलं ‘बाहेर देऊ नये’ हे कलम १७७९ सालच्या नव्या करारात गळलं आणि पानं व्हिएन्ना, पॅरिस, लंडनच्या प्रकाशकांकडे जाऊ लागली. पुढची दहा-अकरा वर्षं माणूस दलदलीच्या कडेला आणि त्याचं डोकं युरोपभर, असा प्रकार होता. १७९० साली प्रिन्स निकोलाउस वारले, मुलाने वाद्यवृंद मोडला, आणि ५८ वर्षांचा हायडन पहिल्यांदा समुद्र ओलांडून लंडनला गेला. ऑक्सफर्डने त्याला डॉक्टरेट दिली.

परतताना आयझेनश्टाटला वेळेवर उतरलो. टेकडीवरच्या चर्चमध्ये लोखंडी जाळीच्या दाराआड पांढऱ्या संगमरवराची शवपेटी आहे.

हायडन वारला ३१ मे १८०९ रोजी व्हिएन्नात. शहरात नेपोलियनचं सैन्य होतं; त्याला घाईनेच पुरलं. कवटीच्या उंचवट्यांवरून प्रतिभा ओळखण्याचं तेव्हा खूळ होतं. एस्टरहाझींकडेच पूर्वी नोकरीला असलेला रोझेनबाउम आणि त्याचा दोस्त पीटर यांनी कबर खोदणाऱ्याला पैसे चारून डोकं पळवलं. १८२० साली, म्हणतात, एक इंग्रज पाहुणा तेव्हाच्या एस्टरहाझी प्रिन्सना म्हणाला की, हयातीत ज्याच्या पदरी हायडन होता आणि आता ज्याच्याजवळ त्याचा देह आहे, तो भाग्यवान. प्रिन्सना आठवलं, देह आणायचा राहूनच गेलाय. कबर उघडली तर डोक्याच्या जागी नुसता टोप! झडती झाली. रोझेनबाउमच्या बायकोने आजारी असल्याचं सोंग करून गादीत कवटी दडवली. शेवटी प्रिन्सच्या हातात भलतीच एक कवटी पडली. खरी हातोहात फिरत व्हिएन्नाच्या संगीत संस्थेत गेली आणि १९५४ साली इथे आली. देह पदरी, डोकं बाहेर. मेल्यावरही १४५ वर्षं तेच.

तेव्हा देहासोबत आधी पुरलेली ती भलती कवटी काही बाहेर काढली नाही. म्हणजे या संगमरवराखाली आज दोन डोकी आहेत. दुसरं कुणाचं, ठाऊक नाही. त्याने चाकरी केली होती की नाही, कधी काही वाजवलं होतं की नाही, कोण सांगणार? लोक तिच्याही समोर फुलं ठेवून जातात. पदरी पडलं, पवित्र झालं.